ड्रोनला एनडी फिल्टर कधी लावावा आणि कधी काढून ठेवावा

लख्ख उन्हात, जमिनीलगत ड्रोन वेगाने नेऊन घेतलेला व्हिडिओ मोठ्या पडद्यावर पाहिला की काहीतरी खटकतं. कुठलीही फ्रेम थांबवून पाहावी तर ती अगदी रेखीव, गवताची काडी न् काडी वेगळी दिसते. पण व्हिडिओ चालू केला की जमीन वाहत मागे जाण्याऐवजी तुटक तुटक उड्या मारत जाते. रंग ठीक, फोकस ठीक, कॅमेरा हलू न देणारा गिंबलही स्थिर, तरी डोळे शिणतात. कारण लख्ख उन्हात कॅमेऱ्याचं शटर फार झटपट मिटतं. यावर सगळीकडून एकच सल्ला मिळतो: एनडी फिल्टर, म्हणजे प्रकाश कमी करणारी राखाडी काच, लेन्सवर लावा. सल्ला चुकीचा नाही, पण अर्धा आहे. ऊन किती कडक आहे यापेक्षा आपण किती उंचीवरून आणि किती वेगाने उडतो आहोत, यावर फिल्टरची गरज जास्त ठरते. आणि फोटोच काढायचे असतील, तर बहुतेक वेळा तो डबीतच बरा.

कॅमेरा शटर इतकं झटपट का मिटतो?

प्रकाश आवरायला कॅमेऱ्याकडे तीन उपाय असतात. अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्समधल्या भोकाचा आकार (तो एफ/२.८ असा लिहितात; आकडा जितका लहान तितकं भोक मोठं), शटर स्पीड म्हणजे सेन्सरवर किती वेळ प्रकाश पडू द्यायचा, आणि आयएसओ म्हणजे मिळालेला सिग्नल किती वाढवायचा. हातातल्या मोठ्या कॅमेऱ्यात ऊन वाढलं की अ‍ॅपर्चर लहान करता येतं. छोट्या ड्रोनमध्ये ते बहुधा कायमचं एकाच मापाचं असतं. डीजेआय मिनी २ मध्ये एफ/२.८, मिनी ३ प्रोमध्ये एफ/१.७, आणि त्यात बदल करायची सोय नाही. आयएसओ सहसा १००च्या खाली जात नाही. उरलं फक्त शटर. त्यामुळे उजेड वाढला की कॅमेरा शटर आणखी झटपट मिटतो; दुसरं काही त्याच्या हातातच नाही.

किती झटपट, याचा अंदाज फोटोग्राफीतल्या जुन्या 'सनी १६' नियमावरून येतो. स्वच्छ उन्हात, आयएसओ १०० ला, एफ/१६ वर शटर साधारण १/१०० सेकंद लागतं. एफ/२.८ त्याच्या सुमारे ३२ पट प्रकाश आत घेतं, म्हणजे शटर १/३२०० वर जातं. एफ/१.७ ला ते १/८०००च्याही पुढे जातं. संध्याकाळच्या कमी उजेडात जे मोठं अ‍ॅपर्चर हवंहवंसं वाटतं, तेच दुपारी अडचण होऊन बसतं.

मॅविक ३ सारख्या काही मोठ्या ड्रोनमध्ये मुख्य कॅमेऱ्याचं अ‍ॅपर्चर एफ/२.८ ते एफ/११ असं बदलता येतं. तिथे एफ/५.६ पर्यंत निर्धास्त जावं. एफ/११ वर मात्र विवर्तनामुळे, म्हणजे लहान भोकातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे, चित्राची धार थोडी बोथट होते, म्हणून अशा ड्रोनलाही फिल्टर लागतातच, फक्त कमी गडद.

व्हिडिओला शटर १/५० सेकंद का हवं?

व्हिडिओवाले ज्याला '१८० अंशांचं शटर' म्हणतात, तो नियम फिल्मच्या काळातला आहे. तेव्हाच्या सिने-कॅमेऱ्यात फिल्मच्या समोर अर्धवर्तुळाकार तबकडी फिरत असे. फेरीचा अर्धा वेळ ती प्रकाश अडवायची आणि तेवढ्यात फिल्मची पुढची चौकट जागेवर यायची. उरलेला अर्धा वेळ, म्हणजे १८० अंशांपुरता, प्रकाश फिल्मवर पडायचा. म्हणजे प्रत्येक चौकटीला तिच्या वाट्याच्या वेळेपैकी निम्मा वेळ उजेड मिळे. आजच्या भाषेत सांगायचं तर सेकंदाला २५ फ्रेम घेत असाल तर शटर १/५०, ३० ला १/६०, ६० ला १/१२०. सेकंदाला २४ ला खरं तर १/४८, पण १/५० चालतं.

एवढा वेळ शटर उघडं राहिलं की हलणारी वस्तू त्या फ्रेममध्ये किंचित फराटल्यासारखी उमटते. हाच मोशन ब्लर. एका फ्रेममधला फराटा पुढच्या फ्रेमच्या जवळ जाऊन पोचतो आणि मेंदू मधली फट बुजवून घेतो. शटर १/३२०० असेल तर फराटाच नसतो. वस्तू एका जागी लख्ख दिसते, नाहीशी होते, थोड्या अंतरावर पुन्हा लख्ख दिसते. तुटकपणा येतो तो इथून.

आता हिशेब उघड आहे. उन्हाला हवं १/३२००, आपल्याला हवं १/५०. मध्ये ६४ पटींचं अंतर आहे. एनडी फिल्टर हे अंतर भरून काढतो: राखाडी काच, जी सगळ्या रंगांचा प्रकाश सारख्या प्रमाणात अडवते आणि बाकी काहीही करत नाही. तिला कॅमेऱ्याचा गॉगल म्हणतात, आणि त्यामुळेच पुष्कळ गैरसमज होतो. चांगला गॉगल घातला की चकाकी जाते, आकाश खुलतं, म्हणून एनडीनेही चित्र खुलेल असं वाटतं. तसं होत नाही. एनडीने आकाश निळं होत नाही, कॉन्ट्रास्ट वाढत नाही, जास्त उजेडाने पांढरेफटक झालेल्या ढगांतले बारकावे परत येत नाहीत. तो फक्त शटर संथ करू देतो.

आकड्यांची भाषा

प्रकाश निम्मा झाला की एक 'स्टॉप' कमी झाला असं म्हणतात. एनडी ४ म्हणजे चौथा हिस्सा प्रकाश आत, दोन स्टॉप कमी. एनडी ८ तीन स्टॉप, १६ चार, ३२ पाच, ६४ सहा, १२८ सात, २५६ आठ. एनडी १००० दहा स्टॉपांचा धरतात. काही कंपन्या मात्र घनतेचा आकडा छापतात. त्यात ०.३ म्हणजे एक स्टॉप, ०.९ म्हणजे तीन, १.८ म्हणजे सहा. एनडी १.८ आणि एनडी ६४ ही एकच काच आहे. विकत घेताना एवढं लक्षात असलं की पुरे.

कोणता फिल्टर लावायचा हे ठरवायला 'ऊन असेल तर ३२, ढग असतील तर ८' असे तक्ते डबीवर छापलेले असतात. ते तक्ते कोणत्या अ‍ॅपर्चरसाठी आहेत हेच त्यावर लिहिलेलं नसतं. एफ/२.८ ला बरोबर बसणारा फिल्टर एफ/१.७ ला जवळजवळ दीड स्टॉप कमी पडतो. त्यापेक्षा एक भागाकार करावा. फिल्टर न लावता ड्रोन वर न्या, मॅन्युअल मोडमध्ये आयएसओ १०० ठेवा, आणि एक्स्पोजर, म्हणजे चित्राचा उजळपणा, बरोबर दिसेपर्यंत शटर बदलत जा. समजा ते १/१६०० वर बरोबर आलं. हवं आहे १/५०. मग १६०० भागिले ५०, उत्तर ३२. एनडी ३२ लावा. उत्तर ४५ आलं तर ३२ आणि ६४ मधला कोणताही चालतो.

मधल्या उत्तराला मी तरी हलका फिल्टर घेतो. उडत असताना फिल्टर बदलता येत नाही, आणि सूर्य ढगाआड गेला की एका क्षणात दोन-तीन स्टॉप उजेड कमी होतो. गडद फिल्टर असेल तर अशा वेळी आयएसओ चढवावा लागतो, आणि छोट्या सेन्सरवर सावलीच्या भागात लगेच दाणे दिसू लागतात. हलक्या फिल्टरने शटर १/५० ऐवजी १/१०० ठेवावं लागलं, तर तो फरक बघणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही. १८० अंशांचा नियम पोथीसारखा पाळायची गरज नाही.

एक मात्र नक्की: फिल्टर लावून सगळं ऑटोवर सोडू नये. ड्रोन वळला आणि चौकटीत आकाश जास्त आलं की कॅमेरा उजेड कमी करतो, जमीन जास्त आली की वाढवतो, आणि एकाच शॉटमध्ये चित्र उजळत-मंदावत राहतं. शटर, आयएसओ आणि व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) तिन्ही हाताने ठरवून ठेवावं आणि हिस्टोग्रॅमवर, म्हणजे चित्रातल्या उजेडाची वाटणी दाखवणाऱ्या आलेखावर, नजर असू द्यावी. उन्हात फोनच्या पडद्यावरून उजेडाचा अंदाज घेणं म्हणजे निव्वळ अंदाजपंचे.

उंचीचा हिशेब

आता मघाच्या मुद्द्याकडे येऊ. १/५० आणि १/१००० यांत फरक दिसतो किती?

समजा कॅमेरा सरळ खाली पाहतो आहे आणि लेन्स २४ मिलीमीटर समतुल्य (३५ मिलीमीटर फिल्म कॅमेऱ्याच्या मापाने) आहे, जी ड्रोनमध्ये अगदी नेहमीची. १०० मीटर उंचीवरून अशा लेन्सच्या चौकटीत सुमारे १५० मीटर रुंदीची जमीन मावते. ४के व्हिडिओत ही रुंदी ३८४० पिक्सेलांत विभागली जाते, म्हणजे एका मीटरला साधारण २५ पिक्सेल. ड्रोन सेकंदाला १० मीटर वेगाने चालला आहे. १/५० सेकंदात तो २० सेंटीमीटर सरकतो, म्हणजे चित्रात ५ पिक्सेल. ३८४० मध्ये ५. शटर १/१००० केलं तर हे ५ पिक्सेल पाव पिक्सेलावर येतात. दोन्ही व्हिडिओ शेजारी शेजारी लावले तरी सहज ओळखता येणार नाहीत, कारण मुळात चित्रच संथ सरकतं आहे.

आता तोच वेग ठेवून ड्रोन ५ मीटरवर आणा. चौकटीत साडेसात मीटर जमीन, एका मीटरला ५१२ पिक्सेल. १/५० सेकंदात चित्र १०० पिक्सेल सरकतं. हा खरा, डोळ्यांना जाणवणारा फराटा. इथे शटर १/३२०० ठेवलं तर फ्रेमगणिक जमीन दोनशे पिक्सेल उडी मारते आणि मधे फराट्याचा आधार नसतो. सुरुवातीला सांगितलेला तुटकपणा नेमका इथला आहे.

म्हणून उंचावरून घेतलेल्या विस्तीर्ण, संथ शॉटसाठी फिल्टर नसला तरी फारसं बिघडत नाही. झाडांच्या शेंड्यांवरून, पाण्याला लागून, धावत्या गाडीच्या बाजूने उडायचं असेल तर तो हवाच. ड्रोन जागच्या जागी वळवतानाही हवा, कारण वळताना दूरचं आणि जवळचं सगळंच झपाट्याने सरकतं; तिथे उंची कामाला येत नाही.

याला एक अपवाद आहे. एफपीव्ही ड्रोनचं, म्हणजे त्याच्याच कॅमेऱ्यातून समोरचं पाहत उडवायच्या ड्रोनचं, फुटेज नंतर संगणकावर स्थिर करायचं असेल, तर १/५० चा हट्ट नडतो. सॉफ्टवेअर हादरे काढून टाकतं, पण हादऱ्यांमुळे फ्रेमवर आलेला फराटा तसाच राहतो. स्थिर चित्र मधेच विनाकारण धूसर होऊन परत स्वच्छ होतं. अशा वेळी शटर थोडं जलद आणि फिल्टर हलका ठेवावा.

फिल्टरचे दोन फायदे मात्र अनपेक्षित आहेत. सूर्य समोर वर असताना पंख्यांची सावली लेन्सवर पडते आणि जलद शटरमध्ये तिचे काळे पट्टे लपलपताना दिसतात. संथ शटरमध्ये ते विरून जातात. दुसरा, चित्र जेलीसारखं थरथरणं. फिल्टर लावला की ते कमी होतं असं सांगतात आणि ते खरंही आहे, पण त्याने फक्त झाकलं जातं. मूळ कारण बहुधा वाकलेला किंवा चीर गेलेला पंखा असतो. तो बदलावा.

फोटोला एनडी नकोच

फोटोत मोशन ब्लर नको असतो. १/२००० चं शटर मिळत असेल तर ते वरदान समजावं. नकाशे बनवण्यासाठी किंवा मोजणीसाठी ओळीने फोटो घेताना तर शटर जितकं जलद तितकं चांगलं, कारण ड्रोन थांबत नाही. तरी व्हिडिओचा फिल्टर तसाच ठेवून फोटो काढणारे पुष्कळ असतात आणि मग फोटो मऊ का आले म्हणून लेन्सला दोष देतात.

मुद्दाम लांब एक्स्पोजर हवं असेल तेवढीच सवलत. लाटांचं धुकं करायचं, धबधबा रेशमी करायचा, रस्त्यावरच्या दिव्यांच्या रेघा ओढायच्या. वारा पडलेला असेल तर चांगला ड्रोन हवेत एक-दोन सेकंद आश्चर्य वाटावं इतका स्थिर राहतो. पण भर दुपारी याचा नाद करू नये. एफ/२.८ ला एनडी १००० लावूनही शटर जेमतेम १/३ सेकंदापर्यंत पोचतं. हेच काम पहाटे किंवा सूर्यास्तानंतर एनडी ६४ मध्ये होतं आणि उजेडही देखणा असतो. एकाच चौकटीचे पाच-सहा फोटो घ्यावेत, त्यातला एखादा तरी धारदार निघतो.

पोलरायझर: गुणी, पण अटी फार

गॉगलसारखं काम करणारा फिल्टर म्हणजे हा. पोलरायझर, किंवा दुकानातल्या भाषेत सीपीएल, ठरावीक दिशेने कंप पावणारा प्रकाश अडवतो. पाणी, पानं, काच, ओला रस्ता यांवरून परावर्तित झालेली चकाकी मोठ्या प्रमाणात एकाच दिशेत कंप पावत असते, त्यामुळे तेवढी बाजूला काढता येते. उघड्या धातूच्या चकाकीवर त्याचा काही उपयोग नाही. हे एनडीला जमत नाही, आणि नंतर सॉफ्टवेअरमध्येही नीट करता येत नाही, कारण चकाकीखाली दडलेला पाण्याचा तळ मुळात टिपलाच गेलेला नसतो.

ड्रोनवर अडचण अशी की पोलरायझर फिरवून जुळवावा लागतो आणि वर गेल्यावर फिरवणार कोण? आकाशासाठी ही अडचण खरी आहे. सूर्यापासून ९० अंशांवरचं आकाश सर्वांत जास्त गडद होतं. ड्रोन वळला की हा हिशेब बदलतो आणि एकाच शॉटमध्ये आकाशाचा निळा रंग पालटत जातो. त्यातून लेन्स रुंद असल्याने आकाशाच्या एका भागात गडद डाग आणि दुसरीकडे फिकट, असंही होतं. पॅनोरामा जोडायचा असेल तर पोलरायझर लावूच नये.

पाण्याचं गणित मात्र वेगळं आहे, आणि ते फारसं कुणी सांगत नाही. आडव्या पाण्यावरून आलेली चकाकी मुख्यतः आडव्या दिशेत कंप पावते, मग ड्रोनचं तोंड कुठेही असो. गिंबल कॅमेरा आडवा राखतोच. म्हणजे फिल्टर जमिनीवर एकदा नीट जुळवला की पाण्याच्या बाबतीत तो वळणानंतरही बऱ्याच अंशी लागू राहतो. जुळवायची रीत सोपी. फिल्टर हातात घ्या, कॅमेऱ्याकडची बाजू डोळ्याकडे धरा, चकाकणाऱ्या फरशीकडे किंवा पाण्याकडे तिरकं पाहत फिल्टर फिरवा. चकाकी सर्वांत कमी होईल तिथे वरच्या कडेला मार्करने ठिपका द्या आणि ठिपका वर ठेवून फिल्टर ड्रोनवर बसवा.

दुसरी किल्ली कोनाची. पाण्याची चकाकी जवळजवळ पूर्ण जाते ती लंबापासून सुमारे ५३ अंशांच्या कोनात, म्हणजे गिंबल क्षितिजाच्या ३७ अंश खाली झुकवल्यावर. कॅमेरा सरळ खाली वळवला की पोलरायझर जवळपास निरुपयोगी. पुष्कळ जण नेमकं तेच करतात आणि फिल्टर नकली निघाला म्हणतात.

जंगलावरून उडताना पानांची पांढरट चमक जाऊन हिरवा रंग भरतो, ढगाळ हवेतही. माझ्या मते ड्रोनवर पोलरायझर घेण्याचं खरं कारण हेच. प्रकाश तो एक ते दोन स्टॉप खातो, त्यामुळे भागाकारातून आलेल्या एनडीमधून तेवढे स्टॉप वजा धरावेत. एनडी आणि पोलरायझर एकाच काचेत असलेले फिल्टरही मिळतात. सोयीचे आहेत, पण जुळवायची अट त्यांनाही सुटत नाही.

बाकीचे

यूव्ही फिल्टरने दूरची धूसरता जाईल अशी आशा ठेवू नये. डिजिटल सेन्सरसमोर अतिनील अडवणारी काच आधीच असते. लेन्सचं रक्षण, एवढाच त्याचा उपयोग. वरून गडद, खाली पारदर्शक असा ग्रॅज्युएटेड फिल्टर ड्रोनवर कामाचा नाही: गिंबल झुकला की क्षितिज सरकतं आणि फिल्टरची रेघ तिथेच राहते. त्याऐवजी वेगवेगळ्या एक्स्पोजरचे फोटो घेऊन जोडावेत. व्हेरिएबल एनडी म्हणजे एकावर एक दोन पोलरायझर. रुंद लेन्सवर गडद टोकाला फुलीसारखी काळी सावली येते. रात्रीचे 'लाइट पोल्यूशन' फिल्टर जुन्या सोडियम दिव्यांचा पिवळेपणा, म्हणजे ५८९ नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश, कापतात. पांढऱ्या एलईडीपुढे ते हतबल आहेत, कारण एलईडीचा प्रकाश सगळ्या रंगांत पसरलेला असतो. रात्री एनडी तर काढावाच.

काच कशी पारखावी, कशी बसवावी

स्वस्त गडद फिल्टरचा नेहमीचा दोष म्हणजे रंगाची झाक. दिसणारा प्रकाश अडतो पण अवरक्त प्रकाश बराचसा पार होतो, आणि एनडी ६४ च्या पुढे सावल्या तांबूस-तपकिरी दिसू लागतात. पांढऱ्या कागदाचा फोटो फिल्टरशिवाय आणि फिल्टरसह, व्हाइट बॅलन्स न बदलता घ्यावा. झाक एकसारखी असेल तर नंतर सुधारता येते. एका कोपऱ्यात वेगळी, दुसऱ्यात वेगळी असेल तर तो फिल्टर परत करावा. सूर्य चौकटीत घेऊनही एकदा तपासावं. कोटिंग हलक्या दर्जाचं असेल तर भुतासारखे हिरवे-जांभळे ठिपके उमटतात.

फिल्टर नेहमी ड्रोन बंद असताना बसवावा. चालू असताना गिंबलच्या मोटारी कॅमेरा जागेवर धरून ठेवायला जोर लावतात आणि आपण विरुद्ध पिळतो, हे त्या नाजूक भागाला सोसत नाही. एका हाताने कॅमेऱ्याचा डबा धरावा, दुसऱ्याने फिल्टर. काही ड्रोनमध्ये मूळ संरक्षक काच फिरवून काढायची आणि तिच्या जागी फिल्टर लावायचा, काहींमध्ये तो वरून चढवायचा. दोन्हींची अदलाबदल होत नाही, म्हणून फिल्टर आपल्याच मॉडेलसाठी बनवलेला हवा. लेन्स आणि फिल्टरच्या मधे धूळ किंवा बोटाचा ठसा अडकला नाही ना, हे बसवण्याआधीच पाहावं. छोट्या ड्रोनचा गिंबल काही ग्रॅमचाही फरक ओळखतो आणि जड फिल्टर लावला तर सुरू होतानाच ओव्हरलोडची सूचना देतो. अनेक देशांत २५० ग्रॅमच्या आतल्या ड्रोनना नियम सैल आहेत आणि मिनी मालिकेतले काही ड्रोन २४९ ग्रॅमचे असतात. मूळ काचेच्या जागी बसणाऱ्या फिल्टरने वजन फारसं वाढत नाही, वरून चढणाऱ्याने वाढतं. सवलतीत उडत असाल तर फिल्टर आणि बॅटरीसकट ड्रोन एकदा वजनकाट्यावर ठेवून पाहा.